मळक्या पानांचे नायक

२०२५ च्या मे महिन्यात जयंत नारळीकर गेले आणि त्यानंतर या सदराकडे आलेल्या पत्रांत विज्ञानकथांचीच पत्रं जास्त निघाली. एरवी मला विचारतात ते जुन्या दिवाळी अंकांबद्दल, नाहीतर पुस्तकांना वाळवी लागली तर काय करावं याबद्दल. या महिन्यात वाळवीला सुट्टी. नव्या वाचकांसाठी सांगते, सदाशिव पेठेत एका वाड्याच्या तळमजल्यावर १९८१ ते २०१६ अशी पस्तीस वर्षं मी वाचनालय चालवलं. मी समीक्षक नाही. परत आलेलं पुस्तक उलटंपालटं करून बघणं हे माझं काम होतं आणि माझी बहुतेक मतं त्यातूनच झालेली आहेत.

प्रश्न : माझा मित्र म्हणतो, ज्याच्याकडे जास्त पॉवर तो जास्त भारी हीरो. मला पटत नाही, पण त्याला उत्तर देता येत नाही. विज्ञानकथेतला सगळ्यात भारी हीरो कोण?
— नववीतला विद्यार्थी, कर्वेनगर

अरे, तुझ्या मित्राला माझ्या वाचनालयातली एक गंमत सांग. पुस्तक शंभर हातांतून फिरलं की काही पानं मळतात, काही कोरी राहतात. विज्ञानकथांच्या बाबतीत मी हे मुद्दाम बघत असे. यानाचं वर्णन, किरणांची बंदूक, नायकाच्या अंगातली अचाट ताकद, ही पानं स्वच्छ. लोक तिथून भराभर पुढे जातात. मळकं पान असतं ते नायक अडकतो तिथलं. हवा संपत आलीय, यंत्र बंद पडलंय, आणि चूक त्याचीच आहे. तिथे चहाचा डाग, भेळेचं तेलकट बोट, एकदा तर चक्क मेंदी. वाचणारा तिथे थांबलेला असतो, हातातलं खायचं विसरलेला असतो.

पुराणातल्या नायकाला कोणी तरी वर देतं. सिनेमातल्या नायकाला नेमक्या वेळी पाऊस पडतो. विज्ञानकथेतल्या नायकाची पंचाईत अशी की गुरुत्वाकर्षण कोणाच्या ओळखीचं नसतं. तिथे वशिला लागत नाही. नियम सगळ्यांना सारखा, आणि त्या नियमातूनच वाट काढायची.

अँडी वीअरच्या 'द मार्शियन'मधला मार्क वॉटनी घे. लेखकाने ही कादंबरी आधी स्वतःच्या वेबसाइटवर एकेक प्रकरण करून फुकट टाकली होती आणि वाचक त्यातल्या विज्ञानाच्या चुका कळवत होते. वॉटनी वनस्पतिशास्त्रज्ञ आहे आणि यंत्रांचा इंजिनिअरही. बाकीचे तो मेला असं समजून मंगळावरून निघून जातात. मग हा काय करतो? बटाटे लावतो. महिनाअखेरीला डब्यातले तांदूळ मोजणाऱ्या गृहिणीसारखा एकेक कॅलरी मोजतो. बटाट्यांना पाणी हवं म्हणून यानाच्या इंधनातल्या हायड्रॅझिनपासून हायड्रोजन काढून जाळतो, आणि स्फोट होतो. का? सगळं मोजलं, पण आपल्याच उच्छ्वासातून बाहेर पडणारा ऑक्सिजन मोजायचा राहिला. स्वतःचा श्वास धरायला विसरला! मग तो स्वतःवर हसतो आणि पुन्हा हिशेबाला बसतो. मला भारी वाटतं ते हे पुन्हा बसणं.

आता एक चुगली. ज्या वादळामुळे तो मागे राहतो, तसं वादळ मंगळावर होऊच शकत नाही. तिथली हवा आपल्या हवेच्या एक टक्क्याएवढी विरळ. लेखकाने हे नंतर कबूलही केलं. म्हणजे लेखकाने स्वतःसाठी एकदा वशिला लावला. नायकाला मात्र लावू दिला नाही.

प्रश्न : मराठी विज्ञानकथेत नायक नसतोच. एक प्राध्यापक असतो, एक पुतण्या असतो, चहा येतो, प्राध्यापक आकृती काढून समजावतात, कथा संपते. आपले मत काय?
— निवृत्त अभियंता, सिंहगड रस्ता

साहेब, निम्मं मान्य. तो चहा मीही पुष्कळ वेळा प्यायले आहे. आपल्याकडची बरीच विज्ञानकथा स्पर्धांसाठी आणि दिवाळी अंकांसाठी लिहिली गेली. पानं मोजकी, आणि लिहिणाऱ्याला विज्ञान पोचवायची घाई. त्यात माणूस राहून जातो. नारळीकरांची स्वतःची पहिली कथा 'कृष्णविवर' अशीच एका स्पर्धेची. १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला त्यांनी ती नारायण विनायक जगताप या नावाने पाठवली. आद्याक्षरं उलटी वाचा, म्हणजे सापडतील. अक्षर कोणी ओळखू नये म्हणून कथा पत्नीच्या, मंगलाताईंच्या हाताने लिहून घेतली. पहिलं बक्षीस मिळालं. त्यांचं नाव तेव्हा जगभर झालेलं होतं. नुसत्या सहीवर कथा छापून आली असती. वशिला नको म्हणणारा एक नायक इथे कथेच्या बाहेरच उभा आहे, असं मी म्हटलं तर तुम्ही म्हणाल, बाई विषय बदलतायत.

बरं, नाही बदलत. नारळीकरांचीच 'गंगाधरपंतांचे पानिपत' ही कथा पुन्हा काढून वाचा. इतिहासाचे प्राध्यापक, सभा-संमेलनांचे नेहमीचे अध्यक्ष. पुण्यात असा माणूस कोणत्याही गल्लीत भेटेल. पानिपतावरच्या परिसंवादाची तयारी डोक्यात असताना त्यांना अपघात होतो आणि ते जागे होतात ते वेगळ्याच इतिहासात. १४ जानेवारी १७६१ ला जिंकलेत मराठे.

आता विचार करा, तुम्हीआम्ही काय केलं असतं? आपल्या घरांत अजून 'दोन मोत्ये गळाली' म्हणताना आवाज खाली येतो. ते दोन्ही मोती शाबूत असलेलं जग समोर उभं आहे. मी पेढे वाटले असते. गंगाधरपंत ग्रंथालयात जातात! मुंबईला जाऊन टाउन हॉलच्या ग्रंथालयात बसतात आणि एकेक खंड मागे मागे वाचत इतिहासाने वळण कुठे घेतलं ते शोधतात. सापडतं ते एवढंसं. विश्वासरावांना लागलेली गोळी तिथे लागलेलीच नाही, कानाला चाटून गेली आहे. आनंद होण्याआधी पुरावा मागणारा हा माणूस आहे. पस्तीस वर्षं ग्रंथपालकी केलेल्या बाईला याहून मोठा नायक कुठला मिळायचा?

आणि त्यांना एक खोड आहे, म्हणून ते माणूसही आहेत. मैदानात सभा चाललेली, व्यासपीठावर अध्यक्षाची खुर्ची रिकामी. गंगाधरपंतांना राहवत नाही. सरळ जाऊन बसतात आणि बोलायला लागतात. त्या जगात अध्यक्षीय भाषणांची पद्धत कधीच मोडीत निघालेली. लोक टोमॅटो आणि अंडी मारतात. ते परत आपल्या जगात येतात तेव्हा खिशात बखरीचं एक फाटकं पान असतं, आणि ठरलेलं अध्यक्षपद ते नाकारतात. पुण्यातल्या माणसाने खुर्ची नाकारली! कथेतली सर्वांत अविश्वसनीय गोष्ट मला तरी हीच वाटते.

म्हणून नायक नाही असं म्हणू नका. कमी आहेत, असं म्हणा. मी मागे सही करेन.

प्रश्न : या सगळ्यांत बायका कुठे आहेत? की आम्ही यान झाडायचं?
— महाविद्यालयीन विद्यार्थिनी, डेक्कन

अगं, फार पूर्वीपासून आहेत. १९०५ साली बेगम रोकेया यांनी 'सुलताना'ज ड्रीम' ही गोष्ट लिहिली. तिच्यातल्या देशात पुरुष पडद्यात बसतात आणि बायका सूर्याची उष्णता एकवटून शत्रूचं सैन्य पळवून लावतात. बंगालमध्ये पडद्यात वाढलेल्या बाईने हे लिहावं, याचंच मला जास्त नवल वाटतं.

पण माझी लाडकी रिप्ली. 'एलियन' हा चित्रपट १९७९ चा. मी तो बऱ्याच वर्षांनी, भाड्याच्या व्हीसीआरवर, शेजारच्या तीन बिऱ्हाडांसह पाहिला. एक काका मध्येच उठून 'मला सकाळी लवकर उठायचंय' म्हणाले आणि गेले. लोकांना रिप्ली आठवते ती शेवटच्या झुंजीसाठी, नाहीतर मांजर वाचवायला परत फिरते म्हणून. मला आठवतो तो बराच आधीचा प्रसंग. एका सोबत्याच्या चेहऱ्याला काहीतरी चिकटलंय. त्याला घेऊन कॅप्टन दाराशी उभा आहे. दार उघड, म्हणतो. रिप्ली म्हणते, नियम चोवीस तासांच्या विलगीकरणाचा आहे, उघडणार नाही. कॅप्टन हुकूम सोडतो. तरी नाही! दार दुसराच उघडतो आणि पुढचं सगळं रामायण होतं. तिचं ऐकलं असतं तर चित्रपट अर्ध्या तासात संपला असता आणि सगळे जेवायला बसले असते.

नियमावर बोट ठेवणाऱ्या बाईला जग खडूस म्हणतं. माझ्या वाचनालयात पाटी होती, 'पाने दुमडणाऱ्यास पुस्तक मिळणार नाही. कारणही मिळणार नाही.' मलाही खडूस म्हणायचे. तेव्हा मी या बाबतीत तटस्थ नाही. आणि एक, त्या पटकथेत मुळात नोंदच होती की यानावरची कुठलीही भूमिका बाईने करावी किंवा पुरुषाने. म्हणून तर रिप्ली कोणाची बायको किंवा प्रेयसी म्हणून येत नाही. ती कामावर आलेली असते.

दुसरी सुसान कॅल्विन. आयझॅक अॅसिमोव्हच्या कथांमधली, यंत्रमानवांच्या मनाचा अभ्यास करणारी. 'लायर!' ही १९४१ ची कथा वाच, त्या वेळी अॅसिमोव्ह एकवीस वर्षांचा होता. एका यंत्रमानवाला माणसांच्या मनातलं कळायला लागतं. माणसाला इजा करायची नाही हा त्याचा पहिला नियम, आणि मन दुखावणं हीही इजाच. म्हणून तो ज्याला जे ऐकायचंय ते सांगतो. सुसानला सांगतो की तिचा सहकारी तिच्यावर प्रेम करतो. ही रुक्ष, चाळिशीकडे झुकलेली बाई लिपस्टिक लावून यायला लागते. आमच्या प्रतीत सगळ्यांत मळलेलं पान तेच होतं. मग तिला कळतं की त्या माणसाचं लग्न ठरलंय, दुसरीशी. ती यंत्रमानवाला अशा पेचात धरते की बोललं तरी इजा, गप्प बसलं तरी इजा, आणि तो कायमचा बंद पडतो. ती बरोबर वागली असं मी म्हणणार नाही. पण ज्या तर्काने तिला हसं केलं, तोच तर्क रडता रडता शेवटपर्यंत मांडून दाखवणारी बाई मी विसरू शकलेले नाही.

प्रश्न : माझा मुलगा बारा वर्षांचा आहे. कॅप्टन नेमोचे पुस्तक वाचतो आहे. रोज विचारतो, हा चांगला की वाईट? काय सांगू?
— एक आई, हडपसर

काही सांगू नका, पुढचं पुस्तक आणून द्या. पण तुमच्यासाठी थोडं लिहिते.

'समुद्राखाली वीस हजार लीग' १८७० च्या सुमाराला आलं. नेमो म्हणजे लॅटिनमध्ये 'कोणी नाही'. ज्यूल व्हर्नच्या मनात तो आधी रशियाशी वैर असलेला पोलिश उमराव होता. प्रकाशकाला रशियातला खप सांभाळायचा होता, त्यामुळे नेमोचं गाव, गोत्र, वैर सगळं झाकून ठेवावं लागलं. पण व्हर्नने एक खूण ठेवली. सिलोनजवळ मोती काढणाऱ्या एका गरीब हिंदी पाणबुड्यावर शार्क येतो. नेमो खंजीर घेऊन मध्ये पडतो, पाणबुडा वाचतो, आणि नेमो त्याच्या हातात मोत्यांची पिशवी ठेवतो. मग म्हणतो की हा माणूस दडपलेल्या देशाचा आहे, आणि मीही शेवटच्या श्वासापर्यंत त्याच देशाचा.

हे कोडं उलगडतं १८७५ च्या 'मिस्टीरियस आयलंड'मध्ये. नेमो म्हणजे राजपुत्र डक्कार, बुंदेलखंडच्या राजाचा मुलगा. १८५७ च्या उठावात लढला, हरला, बायकामुलं गमावली. त्याला टिपू सुलतानाच्या नात्यातला करून व्हर्नने इतिहासाची थोडी खिचडी केली आहे, ती पोटात घाला. झाशी ज्या मुलखात आहे त्या मुलखातून निसटलेला एक जण फ्रेंच कादंबरीत जाऊन समुद्राच्या तळाशी बसला, हे मला पहिल्यांदा कळलं तेव्हा मी ते गिऱ्हाइकांना धरून धरून सांगत होते.

आता चांगला की वाईट. तो जहाज बुडवतो, माणसांसकट. बुडताना बघत राहतो. मग खोलीत जाऊन एका बाईच्या आणि दोन मुलांच्या चित्रापुढे गुडघे टेकून रडतो. विजेवर चालणारी पाणबुडी आज कोणाला नवी नाही. नौदलाकडे याहून मोठ्या आहेत. ते गुडघे टेकणं तेवढं जुनं झालेलं नाही. मुलगा तिथपर्यंत पोचला की बहुतेक प्रश्न विचारायचं थांबवेल. नाही थांबवला, तर फारच चांगलं.

प्रश्न : फास्टर फेणे विज्ञानकथेचा हीरो आहे का?
— सहावीतली मुलगी, फुरसुंगी

नाही गं, तुमच्या गावचा असला तरी नाही. त्याचं डोकं चालतं, सायकल चालते, 'ट्टॉक्' चालतं, पण त्या साहसकथा आहेत. मात्र त्याला जन्म देणाऱ्या भा. रा. भागवतांनीच ज्यूल व्हर्न मराठी मुलांच्या हातात दिला, तेव्हा नातं आहेच. आता तू सत्यजित राय यांचा प्रोफेसर शंकू वाच. गिरिडीहला राहतो, रोजनिशी लिहितो आणि त्याच्या मांजराचं नाव न्यूटन आहे.

प्रश्न : मी विज्ञानकथा लिहितो आहे. नायक आयआयटीचा आहे, सहा भाषा येतात, मेंदूत चिप आहे. मित्र म्हणतात, कंटाळवाणा आहे. काय चुकतंय?
— सॉफ्टवेअर अभियंता, हिंजवडी

तुम्ही नायक नाही लिहिलात, बायोडाटा लिहिलात. स्थळ म्हणून चांगला आहे.

एच. जी. वेल्सच्या १८९५ च्या 'टाइम मशीन'मधल्या नायकाला साधं नाव नाही. पदवी विचारूच नका. आठवतात ती त्याच्या खिशातली, भविष्यातून आलेली दोन पांढरी फुलं. अॅसिमोव्हचा डिटेक्टिव्ह इलायजा बेली संपूर्ण छताखाली असलेल्या शहरात वाढलेला आहे आणि त्याला उघड्या आभाळाची भीती वाटते. १९५४ च्या कादंबरीत ही भीती नुसती कळते. १९५७ च्या पुढच्या कादंबरीत लेखक त्याला सरळ दुसऱ्या ग्रहावर, उघड्या उन्हात पाठवतो. तुमच्या त्या चिपवाल्याला कशाची भीती वाटते? वाटत नसेल तर आधी ती द्या. मग चिप बिघडवा, आणि दुरुस्ती करणारा माणूस रजेवर पाठवा. तीन पानांचं वर्णन कापा. ती पानं कोरीच राहणार आहेत, हे मी पस्तीस वर्षांच्या अनुभवाने सांगते.

प्रश्न : हा प्रश्न नाही, कबुली आहे. ऑगस्ट १९९५ मध्ये तुमच्या वाचनालयातून 'यक्षांची देणगी' नेले. मग बदली झाली, पुस्तक सामानात गेले. नारळीकर गेल्याची बातमी वाचून ते पुन्हा काढले. या ऑगस्टला तीस वर्षे होतील. वाचनालय बंद झाल्याचे कळले. पुस्तक कोणाला द्यावे? आणखी एक, त्यातले एक पान नाही. ते मी फाडलेले नाही, नेले तेव्हाच नव्हते. विश्वास ठेवावा.
— एक अपराधी, औंध

अहो, तुमचा नंबर मला अजून आठवतो, पण इथे लिहीत नाही.

आधी हिशेब. तीस वर्षं म्हणजे लीप वर्षांचे आठ दिवस धरून १०,९५८ दिवस. पहिले सात नियमाप्रमाणे माफ. राहिले १०,९५१. दिवसाला दहा पैसे दंडाने १,०९५ रुपये १० पैसे. सुटे आणावेत.

पानाबद्दल माझा विश्वास आहे, कारण ते पान माझ्याकडे आहे. त्या जूनच्या पावसात बांधणी सैल होऊन ते सुटलं होतं. खळ लावून चिकटवायचं म्हणून मी काढून नोंदवहीत ठेवलं, तेवढ्यात दुपारच्या गर्दीत पुस्तक तुमच्याबरोबर गेलं. वाचनालय बंद केलं तेव्हा बाकी सगळं दिलं, ती नोंदवही नाही दिली. पान गंगाधरपंतांचं असतं तर फारच नाटकी झालं असतं. ते 'कृष्णविवर'चं आहे. कृष्णविवरात गेलेलं परत येत नाही म्हणतात, आणि हे तर औंधहून येतंय.

गुरुवारी चारनंतर या. एक ते चार मी झोपते. खळ ताजी करून ठेवते, पुस्तक तुम्ही आणा.